ॲक्रॉइडसाहेबांचं गाव

बाळंतपणाच्या रजेवरून परत आले आणि पहिल्याच कॉलवर माती खाल्ली, ते सांगते. इंग्लंडचे क्लायंट ॲक्रॉइड लाइनवर आले होते, बाकीची मंडळी यायची होती. ती शांतता मला सोसवेना. मी विचारून टाकलं, "तुमच्या आडनावाचं गाव कुठलं?"

आमचे मॅनेजर परांजपे यांनी फोन म्यूट केला. "मॅडम, स्थळ बघताय का?"

ॲक्रॉइड म्हणाले, "कधी विचारच नाही केला."

प्रोजेक्टमधून आपला पत्ता कटला, असं धरून मी आठवडाभर पोरीला मांडीवर घेऊन नोकरीच्या जाहिराती वाचल्या.

पुढच्या कॉलला ते म्हणाले, "काम नंतर. मी गाव शोधलं, वडिलांना घेऊन जाऊन आलो." यॉर्कशरमध्ये कुणीतरी ओकची झाडं तोडून जागा मोकळी केली, त्या जागेवरून हे आडनाव, शेकडो वर्षांपूर्वीचं! चर्चच्या आवारात थडग्याथडग्यावर ॲक्रॉइड. दुकानात शिरले तर दुकानदारही ॲक्रॉइड, आणि त्याने चेहरा बघून विचारलं, "तू कुणाचा रे?"

"आणि आम्ही तिथून अर्ध्या तासावर राहतो," ते म्हणाले.

"या बाईंना कॉलवरून हलवू नका," ॲक्रॉइड परांजप्यांना म्हणाले. "आणि तुमचं गाव, मिसेस पाषाणकर? जाता का कधी?"

काय सांगणार? कंपनीची बस रोज पाषाण गावातूनच जाते. पोरीच्या जागरणामुळे मी तेव्हा झोपलेली असते.