कांचनजंगाकडे पाठ

नाही हो, फोटो मागू नका! फोटो आहेत, मोबाइल भरून आहेत, पण सगळ्या फोटोत बाबांची पाठ. पाठ नाहीतर कान! आणि इथे जोगेश्वरीत सोसायटीच्या गेटातून आत शिरलो की जो तो विचारतो, काय सर्वेश, गंगटोक झकास ना? काय सांगू... बसा जरा, तुम्हाला सांगतो, कारण आमची श्रुतिका आता ऐकून घेत नाही. म्हणते, घरात तेच तेच बोलायला बाबा आहेत ना, त्यात तू कशाला भर घालतोस?

तर बाबा. तुम्ही बघितलंयत त्यांना, खाली बाकावर बसतात ते. उभा जन्म आरेच्या दुधाची गाडी चालवली. पहाटे आरे कॉलनीतून निघायचे ते थेट वाकोल्यापर्यंत. गाडीत काचेखाली एक कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं, बर्फाचा डोंगर. कुठला डोंगर? देव जाणे. रिटायर झाले तेव्हा तेवढं चित्र खरवडून घरी आणलं आणि स्वयंपाकघरात लावलं, अजून आहे, फोडणीने पिवळं झालंय. मला म्हणायचे, "बाबल्या, एकदा माका खरो बर्फाचो डोंगर दाखव." मी म्हणायचो, दाखवतो.

आणि मग हे विसरणं सुरू झालं. आधी चष्मा विसरले, मग गल्ली विसरले, मग एक दिवस स्वतःच्या सुनेला, श्रुतिकाला विचारलं, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? डॉक्टरकडे नेलं. आता हे डॉक्टर, आपल्याकडे बघून बोलतील तर शपथ, स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हं, काय फिरवायचं, दाखवायचं असेल ते लवकर उरका. ओळखतायत तोवर." ओळखतायत तोवर! अरे, भाजी आहे का ती, नासायच्या आत संपवायला? पण डोक्यात बसलं ते. म्हटलं, बाबांनी डोंगर बघायचा आणि तो आपल्या पोराने दाखवला हे त्यांना कळायला पाहिजे. बाकी काही नको मला. निघालो.

गंगटोकला काय असतं, टॅक्सीवाले तुम्हाला सेव्हन पॉइंट दाखवतात. पहिल्या पॉइंटला उतरलो, समोर पांढरं. ड्रायव्हर म्हणतो, "सर, यहाँ से पूरा कांचनजंगा दिखता है. आज नहीं दिखता." दुसऱ्या पॉइंटला गेलो, "सर, यहाँ से तो एकदम नजदीक दिखता है. आज नहीं दिखता." म्हणजे आम्ही दिवसभर काय बघितलं? जिथून दिसतो त्या जागा बघितल्या! बरं, ठीक आहे, डोंगर नाही तर देऊळ बघा, धबधबा बघा, ती रंगीत पताकांची रांग बघा, किती छान फडफडतेय... आणि बाबा? बाबा पार्किंगकडे बघतायत!

तुम्हाला सांगतो, मी हात धरून कठड्यापर्यंत न्यायचो, म्हणायचो, बाबा, समोर बघा, समोर. बाबा वळायचे आणि पार्किंगकडे. श्रुतिका म्हणाली, "असू दे रे, ड्रायव्हर होते ना, गाड्या बघतात." पटलं मला. म्हटलं, त्या अरुंद जागेत लोक गाड्या कशा घुसवतायत ते बघत असतील, मनातल्या मनात शिव्या घालत असतील. पण मग फुलांच्या प्रदर्शनात? इतकी ऑर्किड्स फुललेली, माणसं वेडी झालेली, आणि बाबा दारातून बाहेर, पार्किंगकडे. तिकडचा पोशाख घालून फोटो काढतात ना, तो घातला त्यांना, रेशमी, वर टोपी, असे देखणे दिसत होते म्हणून सांगू! फोटोवाला ओरडतोय, "अंकल, इधर, इधर देखो!" अंकल कुठे बघतायत? बरोबर. रोपवेत बसवलं. आता हवेत कुठलं आलंय पार्किंग? तर मान मोडेपर्यंत मागे वळून जिथून निघालो तिकडे.  

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं हो! असं उघडलं की बस. ड्रायव्हरच पळत आला, चलो चलो, आज दिखेगा. गेलो त्या व्ह्यू पॉइंटला आणि... काय सांगू तुम्हाला. अख्खा समोर! एवढा उंच की आपण ढगाकडे बघतोय असं वाटावं आणि मग कळावं, अरे, हाच तो. वर ऊन पडलेलं. मुलुंडच्या एक काकू होत्या, आदल्या दिवसापासून प्रत्येक पॉइंटला "शूटिंग घ्या, अहो शूटिंग घ्या" करत नवऱ्याच्या मागे लागलेल्या, त्यासुद्धा हात जोडून उभ्या. मला भरून आलं. म्हटलं, आलं रे बाबा एकदाचं, आणि वळून बघतो तर...

पार्किंगकडे.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी गेलो, बाबांची हनुवटी धरली, लहान पोराला औषध पाजताना धरतात तशी, आणि वळवली मान. बघा! तर त्यांनी डोळे मिटून घेतले. घट्ट. मी म्हणतोय, बाबा, उघडा, आयुष्यभर मागत होतात ना, हा घ्या डोंगर, उघडा डोळे! काकू बघतायत, श्रुतिका माझी बाही ओढतेय.

बाबा डोळे मिटूनच बोलले. आवाज एकदम मऊ, परक्या माणसाशी बोलतात तसा. "तुमी रागावू नकात. माझो झील गाडी लावूक गेलोहा. तेनाच माका हय हाडल्यान. तेच्याआधी बघलंय तर तेका वायट वाटतला."

हनुवटी सोडली मी.

म्हणजे मुलाच्या आधी डोंगर बघायचा नाही म्हणून दोन दिवस हे माझीच वाट बघत होते! आणि गाडी लावायला? मला गाडी चालवता येत नाही हो, त्यांनीच शिकवली होती आरेत, मी झाडावर घातली. मी म्हटलं, बाबा, अहो मीच तो, मी सर्वेश, तुमचा बाबल्या. त्यांनी डोळे उघडले, मला नीट न्याहाळलं, या पांढऱ्या केसांपासून खालपर्यंत. हसले. समजूत काढल्यासारखं म्हणाले, "नाय ओ. माझो झील तरणो आसा."

मी विचारलं, कसा आहे मुलगा तुमचा? म्हणाले, "बरो आसा. जरा तापट आसा. पण येतलो."

मग तिथल्या बाकावर बसले आणि सरकून मला जागा करून दिली. बसलो. श्रुतिकाने कठड्याकडून फोटो काढला तो हाच, बघा, यातही पाठच आहे, पण दोघांची. तिच्या मागे अख्खा कांचनजंगा, आणि आम्ही दोघं पार्किंगकडे तोंड करून माझी वाट बघतोय... आणि तुम्हाला सांगतो, मी काही येईना.