झाड पडल्यावर

चोपड्याहून जळगावला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर सैफ आणि मृणाली बोलत होते.

“सैफ, गेम जॅम स्पर्धेची मुदत आज सहाला संपते. आपला गेम बनवून झाला ना?”

“झाला. केळीच्या बागेत धुकं, ठिबकचा आवाज. घड काढला, झाड पाडलं, की गेम ओव्हर.”

“काल आईला खेळायला दिला होता.”

“आवडला?”

“झाड पडलं तरी फोन देईना. बघतच बसली.”

“का?”

“मीपण विचारलं, आई, आता काय बघतेस? म्हणाली, ‘थांब, आते पील येई.’”

“...मृणाली, लॅपटॉप दे.”

“बसमध्ये?”

“गेम ओव्हर काढतो. पडलेल्या झाडाच्या बुडाशी हळूहळू पील, नवा कोंब येऊ दे.”

“मग गेम संपणार कुठे?”

“आईला फोन लाव. म्हणावं, अजून थोडं थांबा.”