तर्रीवरून पारखलेली कंपनी

...अन् मी म्हणते, रिटायर झालेल्या माणसानं करावं तरी काय? गच्चीवर कुंड्या लावाव्या, सकाळी फिराले जावं, नाहीच काही तं चौकातल्या बाकावर बसून सरकारले शिव्या द्याव्या! फुकटचं काम, तब्येतीलेही चांगलं! पण नाही... आमच्या ह्यांले शेअर पाहिजे! तोही कोणता? मशिनीच्या कंपनीचा! घरातलं मिक्सर अडकलं तं ज्या माणसाले त्याचं झाकण उघडता येत नाही, तो माणूस म्हणते, "जया, गिअरबॉक्सले भविष्य आहे!" भर उन्हाळ्याची दुपार, कूलर सुरू, माहा आत्ता कुठं डोळा लागलेला, अन् हे उशाशी उभे! गिअरबॉक्स त्यांचं, भविष्य त्यांचं, अन् दुपारची झोप कोणाची गेली? माही!

तुम्हाले सांगते, आमच्या ह्यांनी, धम्मानंद नाव त्यांचं, आयुष्यभर गांधीबागेच्या बाजारात कपड्याच्या पेढीवर हिशेब लिहिला. माणूस लाखात एक... पण भित्रा! रस्ता ओलांडाचा असला तं आधी तिकडच्या साऱ्याइले इकडे येऊ देतात. रिटायर झाले तवा सेठनं शाल दिली, नारळ दिला, अन् इतक्या वर्षांची जी जमा होती ती दिली. पेन्शनही आहे बरं! पण इतकुशी, का दूधवाल्याले आकडा सांगितला तं तोच म्हणन, "ताई, या महिन्याचं राहू द्या." मंग उरलं काय? ती जमा! तिच्यावरच आम्हा दोघाइले मरेपर्यंत जेवाचं आहे. ती गेली का आम्ही आमच्या पोरीच्या, रोशनीच्या दारात. पोरगी गुणाची आहे, जावईही चांगला, पण पोरीच्या दारात चार दिवस बरे, पाचवा जड! भेव वाटते हो मले त्याचं, खरंच वाटते. म्हणून म्हटलं, बँकेत टाका अन् मोकळे व्हा. तं म्हणतात, "जया, बँकेचं व्याज तितकंच रायते, तेल-डाळ दरवर्षी वाढते. आपल्याले दरवर्षी न चुकता वाढणारं काहीतरी पाहिजे!"

हे खूळ घातलं कोणी? माह्या बहिणीच्या पोरानं, अश्विननं! राहते पुण्याले, अन् अक्कल वाटते फोनवरून. "जय भीम मावसाजी! एकदम सिम्पल आहे! शेअर घ्याचा, अन् विकाचाच नाही. कंपनी आपल्या नफ्यातून वाटा देते ना, डिव्हिडंड, तो खाचा. अन् कंपनी अशी पाहाची का जी तो वाटा दरवर्षी वाढवते. म्हैस विकाची नाही मावसाजी, दूध विकाचं!" मी मागून ओरडली, "अन् म्हैस आटली तं?" "मावशी, तू पण नं!" ...आता सांगा, याच्या घरी कधी म्हैस होती? जन्मापासून पाकिटातलं दूध पेलेला पोरगा!

मंग ह्यांनी हुडकून काढली गोंडवन मशीन कंपनी. इथलीच, हिंगण्याच्या एमआयडीसीतली. गिट्टी फोडाच्या मशिनी बनवते, सिमेंटच्या कारखान्याइले गिअरबॉक्स देते. आठ दिवस चष्म्यावर भिंग लावून बसले. "पाय जया, दहा वर्षांत एकदाही वाटा कमी नाही केला! डोक्यावर कर्ज नाही! अन् नफ्यातला तिसरा हिस्साच वाटते, बाकीचा घरात ठेवते!" मलेही पटलं बाप्पा. सारंच दूध पिळून घेतलं अन् म्हशीच्या वगाराले थेंब नाही सोडला, तं उद्याची म्हैस कुठून येईन? मी म्हटलं, "स्थळ तं बरं दिसते, घ्या मंग." घेतात? छे! संध्याकाळी तोंड उतरलेलं. "पण जया... मशिनीचा धंदा आहे. मंदी आली का माणूस भाकर नाही सोडत, नवी मशीन पहिले सोडते. ऑर्डर बंद तं नफा बंद, नफा बंद तं वाटा बंद, वाटा बंद तं आपण..." सकाळी घ्याचा, संध्याकाळी नाही घ्याचा! टीव्हीवर कोणी नुसतं 'मंदी' म्हटलं का इकडे ह्यांचं बीपी वर! घरात एक शेअर नाही, अन् जेवता जेवता मले विचारतात, "जया, विकून टाकाचा का आपण?" काय विकता? बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी! भात तसाच, वरण तसंच, अन् दुपारची झोप कोणाची गेली? माही!

शेवटी माह्याच तोंडचा शब्द धरला. म्हणतात, "स्थळ म्हटलं ना तू? मंग पाहून येऊ!" तुम्हाले माहीत नाही, रोशनीच्या वेळेस पोराची चौकशी ह्यांनी त्याच्या ऑफिसात नाही केली. त्याच्या मोहल्ल्यातल्या न्हाव्याजवळ केली, किराणावाल्याजवळ केली, अन् पानठेल्यावर तं दोन दिवस उभे होते, जन्मात सुपारी न खाणारा माणूस! "कागदावर सारेच चांगले दिसतात जया, माणूस पानठेल्यावर समजते." अन् जावई निघाला हिरा! तवापासून त्या पद्धतीवर ह्यांचा जो भरोसा बसला, तो बसलाच.

झालं! मनीषनगरातून स्कूटर काढली, मी मागं, तोंडाले दुपट्टा गुंडाळून, चाललो हिंगण्याले. लोक कंपनीच्या सभेले जातात, साहेबाले भेटतात... आम्ही गेलो कंपनीच्या पोहेवालीकडे! गेटसमोरच यमुताईचा ठेला. तर्री-पोहा, म्हणजे पोह्यावर चण्याचा झणझणीत रस्सा. अन् गर्दी म्हणता? बाप्पा रे! निळ्या कपड्यातले कामगारच कामगार, बसाले जागा नाही! ह्यांचा चेहरा असा फुलला, असा फुलला, लग्नातही नव्हता फुलला! "पाय जया, पाय! इतके लोक! तीन-तीन शिफ्टा चालून राहिल्या! ऑर्डरी मावत नसन आत!" आनंदाच्या भरात दोन प्लेटा हाणल्या. ज्या माणसाले डॉक्टरनं मिरची बंद केली, तो तर्री मागून घेऊन राहिला! डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, अन् म्हणे, "उद्याच घेऊन टाकू!"

पण मी बाईमाणूस, माहं लक्ष पोह्यात कुठचं, माणसांत! मले दिसलं, का घाई कोणालेच नाही. ज्याले भोंगा झाला का आत पळाचं असते, तो पोहे उभ्यानं खाते, अर्धे चावते, अर्धे गिळते. अन् हे? मांडी घालून! तिघं-चौघं पत्ते पिसून राहिले! एक तं कडुनिंबाखाली घोरून राहिला... खरं सांगू, मले त्याचा हेवाच वाटला. मी हळूच यमुताईले विचारलं, "काहून वं माय, कामावर नाही का हे?" ती तर्री ढवळता ढवळता म्हणते, "कुठचं काम बाई! आतल्या मशिनी बंद आहेत ना सध्या. येतात, हजेरी लावतात, अन् दिवसभर इथंच! माहा धंदा मात्र बरा चालून राहिला. अन् आत तं..."

पण पुढचं ऐकाले हे होते कुठं? चेहरा पांढराफक! प्लेट तशीच खाली ठेवली. "जया, चाल. चाल वं लवकर!" जशी काही यमुताईच पळीनं मंदी वाढून राहिली होती! घरी नाही, चहा नाही, स्कूटर सरळ बँकेत! साऱ्याची एफडी करून टाकली तवा ह्यांचा घाम वाळला. "वाचलो जया, तुह्या डोळ्यानं वाचलो!" मीही फुगली हो, खोटं काहून बोलू? साऱ्या बिल्डिंगले सांगून आली, कंपनी कशी पाहाची ते मले विचारा!

मंग पुढच्या उन्हाळ्यात आला अश्विनचा फोन. "मावसाजी, पार्टी द्या! गोंडवननं वाटा पुन्हा वाढवला! अहो, जुन्या मशिनी काढून नव्या बसवल्या त्याइनं, त्यासाठी महिनाभर कारखाना बंद ठेवला, कामगाराइले बसून पगार दिला! घेतला होता ना तुम्ही?" ...'अन् आत तं' म्हणत होती ना यमुताई? ते हे होतं! अरे, एक मिनिट थांबलो असतो तं... दुसऱ्या प्लेटले वेळ होता, तिचं बोलणं पुरं होऊ द्याले नव्हता!

मले वाटलं, आता हे डोक्याले हात लावून बसतीन. कुठचं काय! शांतपणे म्हणाले, "जाऊ दे जया. होतं ते बँकेत तं आहे." अन् कूलरसमोर आडवे झाले, पाच मिनिटात घोराले लागले! अन् मी? मी फोन घेऊन बसली, गोंडवनचा भाव पाहत! माहा एक शेअर नाही त्यात, पण भाव चढला का जीव जळते, अन् पडला का... माफ करा बाप्पा, पण बरं वाटते! हे गाढ झोपून राहिले, अन् दुपारची झोप कोणाची गेली? माही!

परवा म्हणतात, "चाल, यमुताईकडे जाऊन येऊ. कंपनी गेली ते गेली, तर्री काहून सोडाची?" गेलो. ठेल्यावर गर्दी नाही. दोघं-तिघं आले, उभ्या उभ्या गिळलं, भोंगा वाजला, पळाले! मी म्हटलं पाहू नका तिकडे, खा चूपचाप. पैसे द्याले गेलो तं मागच्या वेळेसची तीसची प्लेट पस्तीसले! मी म्हटलं, "वाढवली का वं माय?" तं यमुताई ठसक्यात म्हणते, "दरवर्षी पाडव्याले वाढवते बाई! कंपनी चालो का बंद राहो, एक साल चुकलं नाही आजपर्यंत!"

हे माह्याकडे पाहून राहिले, मी ह्यांच्याकडे. हळूच म्हणतात, "जया... दरवर्षी न चुकता वाढणारं सापडलं ना वं शेवटी आपल्याले?"

मी म्हटलं, "हो जी, सापडलं. काढा आता सत्तर रुपये!"