मी आपल्या मनाने समुद्रावर गेले होते

जबाब
दिनांक १३ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

नाव : शालू गोपाल मेहरे, वय ५४ वर्षे, धंदा : फुलशेती व हारविक्री, राहणार : माळीपुरा, दर्यापूर, जिल्हा अमरावती.

मी वरील नावाची बाई आज स्वतःच्या पायाने ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगा चंदन व सून वर्षाली यांच्यासह राहते. माझे पती गोपाल मेहरे नऊ वर्षांपूर्वी आजारपणात वारले. गावाबाहेर आमची एक एकर बाग आहे. झेंडू, शेवंती व निशिगंध होतो. फुले मी रोज सकाळी अकोल्याच्या बाजारात पाठवते व राहिलेल्यांचे हार करून बसस्टँडजवळ विकते.

मुलगा चंदन याने दिनांक ७ रोजी मी हरवल्याची खबर दिली व दिनांक ९ रोजी असे लिहून दिले की, उत्तमराव खसाळे यांनी मला फूस लावून नेले असा त्याचा संशय आहे. ते मला वाचून दाखवले. मी घरून गेले एवढे त्यातले खरे आहे. फूस लावली हे खरे नाही. मी चौपन्न वर्षांची आहे.

उत्तमराव खसाळे, वय ५९, हे दर्यापूर ते अकोला काळीपिवळी जीप चालवतात. माझी फुले चौदा वर्षांपासून त्यांच्याच गाडीने जातात. फुलांच्या पोत्यावर त्यांनी कधी कोणाला बसू दिले नाही. उन्हाळ्यात वाटेत गाडी थांबवून ते पोत्यावर पाणी मारतात. असे करा म्हणून मी त्यांना कधी सांगितले नव्हते. त्यांची पत्नी माणिकबाई पाच वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. घरात ते व बुंदी नावाची कुत्री, एवढेच. बुंदी सात वर्षांची आहे, रंग पांढरा, अंगावर तांबडे ठिपके. पिल्लू असताना ती पावसाची जीपमध्ये शिरली ती पुन्हा उतरली नाही. ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटखाली बसून ती रोज अकोल्याला जाते व येते.

दिवाळीनंतर एक दिवस फुले चढवताना उत्तमराव मला म्हणाले, "शालूबाई, गाडीचे कागद या महिन्यात सरून राहिले. मंग थे भंगारात. पंधरा वर्षं बिचारीनं हा एकच रस्ता पायला. एखांद्या डाव तिले दुसरा दाखवा वाटते."

मी विचारले, "कोणता?"

"जिथं रस्ताच सरते थो. समुद्रापर्यंत."

"मंग मले काहून सांगून राहिले?"

ते बुंदीच्या कानातली गोचीड काढत राहिले. मी म्हणाले, "मी येतो." म्हणजे येण्याचे मी बोलले, त्यांनी विचारले नाही. याची नोंद घ्यावी.

दिनांक ४ रोजी सकाळी साडेपाच वाजता मी घरून निघाले. सून वर्षाली हिला कौंडण्यपूरच्या जत्रेला दोन दिवस जाते असे खोटे सांगितले. ती माझी चूक आहे. कौंडण्यपूरचेच नाव काहून घेतले असे जबाब लिहिणाऱ्या हवालदार बाईंनी विचारले. तिथली रुक्मिणी आपल्या मनाने गेली होती, म्हणून तेच तोंडात आले असेल. बाई हसल्या. हे लिहू नका असे मी म्हणाले, पण लिहून झाले होते.

आम्ही अकोला, वाशिम, परभणी, बीड असे करत सातारा व तिथून पुढे कोकणात उतरलो. गाडी पन्नासच्या वर पळत नाही. बीडला लॉजवर आधारकार्डावरची आडनावे वेगळी म्हणून खोली दिली नाही. साताऱ्याला आडनावाचे चालले, पण कुत्रीचे चालले नाही. म्हणून मी व बुंदी मागच्या लांब सीटवर निजलो आणि उत्तमराव पुढे बसल्या बसल्या निजले. सकाळी त्यांची मान वळत नव्हती. मी तेल लावून दिले.

त्यांनी मला काही त्रास दिला काय, असे विचारण्यात आले. दिला. घाटात वळण आले की ते मला, "डोळे मिटा, मी पायतो," असे म्हणत व मी डोळे मिटले की, "आता काय दिसून राह्यलं पाहा," म्हणून उघडायला लावत. दुसरा कोणताही त्रास नाही.

दिनांक ७ रोजी दुपारी आम्ही गुहागरला पोचलो. रस्ता वाळूत सरला होता. उत्तमरावांनी गाडी बंद केली नाही. थोडा वेळ तशीच उभी ठेवली. गाडीला पाहू देतो असे म्हणाले. मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले. पाणी सरकले की पायाखालची वाळूही सरकते, हे मला माहीत नव्हते. मी त्यांचा हात धरला. वाळूत स्थिर उभी राहिल्यावरही मी तो सोडला नाही.

त्या दिवसांत मोबाईल मी बंद ठेवला होता. दिनांक ६ रोजी संध्याकाळी चालू केला तेव्हा चंदनचे सतरा फोन येऊन गेलेले दिसले. मी पुन्हा बंद केला. घेतला असता तर आणखी खोटे बोलावे लागले असते आणि खरे बोलण्याचा धीर नव्हता.

दिनांक ८ रोजी संध्याकाळी गावातून लग्नाची वरात निघाली. फटाक्यांची लड लागली तशी बुंदी दोरी तोडून पळाली. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधले, सापडली नाही. दिनांक ९ रोजी सकाळपासून किनारा, सुपारीच्या बागा, मासळी वाळवतात ती जागा, सगळे पाहिले. उत्तमराव नावाने हाका मारत होते. दुपारी जेवले नाहीत. मी भाकर पुढे केली तर, "तिनंबी खाल्लं नसन," म्हणाले. देवळामागच्या विहिरीत वाकून पाहताना त्यांनी बाहीने डोळे पुसले. मी पाहिले, पण पाहिल्याचे त्यांना कळू दिले नाही.

दिनांक १० रोजी सकाळी माझ्या ध्यानात आले की, बुंदीला नावाने हाक मारणारे जगात एकटे उत्तमराव आणि तीही घरात. बाहेर ती जे ऐकत आली ते वेगळेच. मी त्यांना म्हणाले, "स्टँडवर वरडता तसे वरडा."

"इथं? लोकं हासतीन."

"हासू द्या."

ते लाजले. म्हणून गाडी चालू करायला लावून, दार उघडे ठेवून मीच पायरीवर उभी राहिले व मोठ्याने ओरडले, "अकोला, अकोला, अकोला! चला, बसा, अकोला!" मग तेही ओरडू लागले. त्यांचा आवाज चांगला मोठा आहे. आम्ही गावातल्या रस्त्याने हळूहळू गाडी चालवत ओरडत गेलो. एका म्हाताऱ्या गृहस्थाने फाटकात येऊन, अकोल्याला इथून गाडी कधीपासून सुरू झाली, असे विचारले. उत्तमराव म्हणाले, "आजपासून."

तिसऱ्या वळणावर सुपारीच्या बागेतून बुंदी निघाली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. सरळ जीपमध्ये चढून सीटखाली जाऊन बसली. पुढच्या पायाला खरचटले होते. उत्तमरावांनी स्टेअरिंगवर डोके टेकले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गाडी चालूच होती.

त्यानंतर मी लगेच चंदनला फोन लावला नाही. हे खरे सांगते. अर्धा तास वाळूत बसले. दोन दिवस आम्ही एका मुक्या जिवाला शोधले तर आमचे हे हाल झाले, मग माझ्या मुलाचे इतके दिवस कसे गेले असतील, ते मला तिथे समजले. मग मी वर्षालीला फोन केला. "मी खुशाल आहो. समुद्रावर आहो. संग उत्तमराव आहेत." ती आधी रडली. मग म्हणाली, "आई, तुमी या. काही बोलत नाही कोणी. पण पोलिसात दिलं आहे, तर आधी तिकडं जा."

दिनांक ११ रोजी सकाळी आम्ही निघालो. मंगरूळपीर, बार्शीटाकळी, अकोला मार्गे आज दुपारी दर्यापूरला आलो. घरी न जाता आधी येथे आलो. उत्तमराव बाहेर बाकावर बसले आहेत. बुंदी त्यांच्या बाकाखाली आहे.

जबाब चालू असताना चंदन ठाण्यात आला. हवालदार बाईंनी त्याला बसवून लिहिणे थांबवले. आमच्यात झालेले बोलणे माझ्या सांगण्यावरून लिहून घेतले आहे.

चंदन म्हणाला, "आई, मी चार दिवस विहिरी पाहून राहिलो होतो."

मी त्याचा हात धरून, "चुकलं माह्यं," म्हणाले.

तो म्हणाला, "सांगतलं असतं तर मी नाई म्हटलं असतं काय?"

मी म्हणाले, "म्हटलं असतं."

तो फरशीकडे पाहत म्हणाला, "हो. म्हटलं असतं."

मी त्याला सांगितले, ते येथेही सांगते. आजपासून मी उत्तमराव खसाळे यांच्या घरी राहणार आहे. रीतसर लग्नाचे आम्ही पौषानंतर पाहू. बाग चंदन व वर्षालीच्या नावे आहे, तशीच राहील. फुले तोडायला मी रोज सकाळी येत जाईन. चंदनवर किंवा सुनेवर माझी तक्रार नाही. उत्तमरावांवर नाही. चंदन यानेही आपला संशय मागे घेतो असे सांगितले आहे, त्याचा जबाब वेगळा घ्यावा.

उठताना चंदनने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. त्या माझ्याजवळच्या दोन दिवसांपूर्वी संपल्या होत्या, हे मी कोणाला बोलले नव्हते. मला वाटले तो मला देईल. तो बाहेर गेला. दारातून मला दिसले की, तो बाकावर उत्तमरावांशेजारी बसला व पिशवी उघडून त्यांना एक एक पाकीट दाखवून समजावू लागला, ही सकाळची उपाशीपोटी, ही जेवल्यावर, आणि ही आई विसरते, तुमी इचारत जा. उत्तमराव मान हलवत होते.

याहून जास्त मला सांगायचे नाही. वरील मजकूर हवालदार बाईंनी मला हळूहळू, माझ्या बोलीत समजावून वाचून दाखवला. मी ऐकला. तो मी बोलले तसाच उतरला आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी शिकवले नाही. म्हणून खाली सही करते.

(सही) शालू गोपाल मेहरे

समक्ष लिहून घेतला : महिला पोलीस हवालदार
वेळ सायंकाळी ४ वाजून ५५ मिनिटे