लपवायचा परवाना

...नाही, मला तुम्हीच सांगा, कंबरेला काय लावलंय ते कुणाला दिसू नये म्हणून जो परवाना काढायचा, त्यासाठी अख्ख्या गावाला घरोघर जाऊन सांगायचं की बाबांनो, माझ्या कंबरेला हे लावलंय... याला काही अर्थ आहे? बावीस वर्षं मी, डेलमार हकबी, केंटकी राज्याच्या परवान्यावर वडिलांचं रिव्हॉल्वर कंबरेला लावून फिरलो, चर्चमध्ये, खिळे आणायला, दाताच्या डॉक्टरकडे, आणि कुणाला पत्ता लागला नाही. बाहेर काढायची वेळ म्हणाल तर एकदाही नाही! पण ते तिथं असलं की मला बरं वाटतं, वडील बरोबर असल्यासारखं. मग सासूबाईंचा गुडघा गेला, बायको म्हणाली आईच्या गावी राहायला जायचं, आणि मी गाडीत बसल्या बसल्या गुन्हेगार झालो. माणूस तोच, रिव्हॉल्वर तेच, कंबर तीच!

नव्या राज्याचं नाव नाही घेत हं, आता मरेपर्यंत तिथंच राहायचंय. पण वाटेत आणखी तीन राज्यं. पहिलं म्हणतं, तुमचा कागद आम्हाला मान्य. दुसरं त्या कागदाकडे बघतही नाही. तिसरं म्हणतं, कागद कशाला, लावा की बिनधास्त! म्हणजे सीमा आली की पिकअप थांबवा, पट्टा सोडा, गोळ्या काढा, रिव्हॉल्वर पेटीत घाला, कुलूप लावा. पुढची सीमा आली की सगळं उलटं. आणि कुलपाची पेटी घरात एकच, माझी मासेमारीची, त्यामुळे दरवेळी बोटात गळ. माझी वांडा शेजारी बसून शांतपणे विचारते, "डेल, तू राज्य बदलतोयस की पँट?"

तिथं पोचलो, परवान्याच्या कचेरीत गेलो. खिडकीशी क्विगलीबाई, गळ्यात चष्म्याची साखळी. माझा परवाना त्यांनी असा बघितला, जसं शेजारच्या पोरानं काढलेलं चित्र बघतात. म्हणाल्या, "छान आहे. इथं चालत नाही."

इथला परवाना हवा तर इथलं ड्रायव्हिंग लायसन्स हवं, लायसन्स हवं तर राहत्या पत्त्याचा पुरावा हवा, पुरावा म्हणजे विजेचं बिल, आणि बिल सासूबाईंच्या नावावर! जावई आमच्याकडे राहतो एवढं एका ओळीत लिहून द्या म्हटलं, तर म्हातारी म्हणते, असं लेखी देऊन मोकळी झाले तर मग तू जायचाच नाहीस. तीन आठवडे गेले त्या एका ओळीला, तुम्हाला सांगतो!

ती ओळ घेऊन गेलो तर क्विगलीबाईंनी पुढचा कागद सरकवला. तीन स्थानिक माणसांची पत्रं आणा, हा मनुष्य सज्जन आहे अशी. सहा महिन्यांची ओळख पाहिजे आणि नातेवाईक चालत नाहीत. आता मला या गावात ओळखतंय कोण? सासू, बायको आणि मेहुणा. तो मेहुणा, रॉइस! अंगात शर्ट घातला की दोरीवर वाळत टाकल्यासारखा दिसतो. जन्मापासून इथला, त्यामुळे परवाना खिशात अकरा वर्षं. रविवारी जेवायला आला की पहिला प्रश्न, "दाजी, रिव्हॉल्वरला तेल घालता ना वेळच्या वेळी?" कारण वांडानं सांगून टाकलं होतं की नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत कागद आला तर ठीक, नाहीतर ते रॉइसला द्यायचं, मला घरात बिनकागदाची बंदूक नको. माझ्या बापाचं रिव्हॉल्वर! त्या काठीला! 

मग लागलो ओळखी करायला. आणि त्या गावात ओळख होते ती फक्त जेवणावर. अग्निशमन केंद्रात शनिवारी पॅनकेक, बुधवारी चर्चमध्ये पंगत, प्रत्येक बाई आपापलं भांडं घेऊन येणार, मटार, चीज, बटाटा, वर पुन्हा चीज, आणि नको म्हणायची सोय नाही, कारण पत्र कोण देणार? ज्याच्या हातचं आपण दुसऱ्यांदा वाढून घेतलंय तो! ऑटिली ब्रांटबाईंकडे तर मी चारदा घेतलं. आणि मग तोंड पुसून हळूच म्हणायचं, बटाटा काय सुंदर झालाय, बरं का, मला बंदूक लपवून फिरायचंय, मी गरीब स्वभावाचा आहे एवढं लिहून द्याल? पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. ओळखीला सहा महिने भरले तेव्हा दिलं पत्र, बाकीची दोनही अशीच जेवून मिळाली. तोवर गावातलं कुत्रंसुद्धा माझ्या कंबरेकडे बघून भुंकायला लागलं होतं. लपवायचं कुणापासून उरलंय, सांगा! पण हट्ट सोडला नाही मी. माणूस तोच, रिव्हॉल्वर तेच, कंबर तीच!

बोटांचे ठसे झाले, बंदूक शिकवायच्या वर्गात बसणं झालं, आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सोमवारी टपालानं आला की हो परवाना! पाच वर्षांचा! सणाच्या दिवशी सगळी टेबलाशी जमली, मी आत गेलो, वडिलांचा पट्टा काढला, बांधायला गेलो... आणि टोकं भेटेनात. श्वास धरला, पोट आत घेतलं, शेवटच्या भोकात अडकवला. पँटच्या आत रिव्हॉल्वर सोडा, चमचा जाईना! कसंबसं कोंबलं, वरून शर्ट ओढला, ऐटीत बाहेर आलो. सासूबाई, ज्यांना चष्म्याशिवाय समोरची भाजलेली टर्की दिसत नाही, त्या म्हणाल्या, "डेल, बंदूक दिसतेय."

लपवायचा परवाना आहे हो तो. दिसली की संपलं.

रॉइस उठला, म्हणाला, दाजी, बघू जरा. त्यानं लावलं, शर्ट सोडला, पुढून फिरला, मागून फिरला, म्हातारीनं चष्मा लावून शोधलं. काही नाही. वांडानं माझ्याकडे बघितलं, मी टर्कीकडे.

माझ्या कंबरेवर लपत नाही, त्याच्या लपतं, मग गेलं ते त्याच्या कंबरेवर. परवाना माझ्याकडे आहे, पाच वर्षं कुठं जात नाही. माणूस तोच, कागद नवा... सरकवा जरा ते बटाटे इकडे. आता कुणाच्या पत्रासाठी खात नाही.