हिच्या नंबरचा मास्क

नाही, मला एक सांगा, माणूस मजा करायला चाललाय म्हटल्यावर त्याला इतके प्रश्न विचारतात का हो? सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं नाही तोच फोन वाजला. एका हातात शटर, दुसऱ्या हातात फोन, किल्ल्यांचा जुडगा दातांत, आणि पलीकडून तो मधात बुडवलेला आवाज, "गुड मॉर्निंग सर! स्वप्नातल्या बेटावर तुमचं स्वागत आहे!" अहो बाई, बेटावर कुठला, मी पायरीवर उभा आहे, माझ्या पाठीत उसण भरलीय! पण ऐकतेय कोण? "सर, खोलीत पलंगावर टॉवेलचे हंस करून ठेवू, की फुलांच्या पाकळ्या पसरू?" टॉवेलचे हंस! दोन हंस, समोरासमोर, चोचीला चोच लावून. मी म्हटलं, टॉवेल टॉवेलासारखा ठेवा, मला अंग पुसायचंय. "ओके सर. आणि मॅडमना काय आवडेल?"

झालं. दर वेळी गाडी इथेच येऊन थांबते. मॅडमना काय आवडेल.

मी म्हटलं, मॅडम वारल्या. मागच्या वर्षी. मग टकटक टकटक, ती काहीतरी टाइप करतेय... आणि म्हणते कशी, "सो सॉरी सर. मग मॅडमचं जेवण शाकाहारीच ठेवायचं ना?"

आता हसायचं की रडायचं, तुम्हीच सांगा! आणि मुलीचा दोष नाही हो, ती बिचारी नवीन. प्रत्येक वेळी नवीनच असते. मी एकीला सगळं समजावून सांगतो, ती हळहळते, मलाही जरा बरं वाटतं, आणि पुढच्या फोनला ती तिथे नसतेच! तिच्या जागी दुसरी. पुन्हा पहिल्यापासून. मॅडम वारल्या. ओह, सो सॉरी सर. एकाच माणसाचं मरण मी त्या कंपनीला किती वेळा कळवायचं? म्हटलं, एक नाव काढून टाका ना. "सर, हे दोघांचंच पॅकेज आहे. तारीख पुढे ढकलता येते, ती तुम्ही ढकललीय. नाव काढता येत नाही. एक माणूस सिस्टीम घेत नाही सर." सिस्टीम घेत नाही! म्हटलं, बाई, सिस्टीमचं काय घेऊन बसलीस, मलाच अजून घेता येत नाहीये.

आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. आता तारीख पुढे जायची नाही. जायचं तर जा, नाहीतर सोडा. आणि जो तो मला म्हणतो, "जा हो, मजा करा!" जणू मी इतके दिवस मुद्दाम थांबलोय. ठीक आहे. मजा करायला चाललोय ना मी!

तुम्हाला सांगतो, मला समुद्राची आवड कधीच नव्हती. वाळू चपलेत जाते. ओला टॉवेल मला सहन होत नाही. पोहायला येत नाही. हे थायलंडचं बेट, ते हिरवं पाणी, त्या निमुळत्या शेपटीच्या होड्या, हे सगळं खूळ हिचं. आमचं चष्म्यांचं दुकान. मागच्या अंधाऱ्या खोलीत मी डोळे तपासणार, बाहेर काउंटरवर ही फ्रेमा दाखवणार. दाखवणार म्हणजे काय... गिऱ्हाइकाने हौसेने एखादी फ्रेम उचलून नाकावर ठेवली की ही शांतपणे म्हणायची, "काढा. घुबड दिसताय." मी आतून ओरडायचो, अगं, गिऱ्हाईक आहे ते! तर ही म्हणायची, "म्हणूनच सांगतेय. पाहुणा असता तर छान म्हटलं असतं." आणि लोक पुन्हा हिच्याकडेच यायचे, काय गंमत आहे बघा. आता काउंटरवर मी असतो, सगळ्यांना छान म्हणतो. गावभर घुबडं फिरतायत.

तर तिथे भिंतीवर एक टीव्ही, आवाज बंद. डोळ्यांत थेंब घातलेली माणसं बसलेली असायची, त्यांना तसंही धड दिसत नव्हतं, पण विरंगुळा म्हणून लावलेला. त्यावर एकदा ते बेट लागलं. पाण्याखाली मासे. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, थवेच्या थवे. ही फडकं हातात तशीच धरून बघत राहिली. मग चष्मा काढला, टीव्हीकडे बघितलं. पुन्हा घातला. हिचा नंबर मायनस नऊ! चष्मा काढला की मासे सोडा, टीव्ही सोडा, भिंतसुद्धा अंदाजाने. आत येऊन मला विचारते, "अहो, पाण्यात चष्मा घालून जाता येतं का हो?" माझ्यापुढे खुर्चीत माणूस बसलेला. मी त्याच्या डोळ्यांवर काचा बदलत, त्याच नादात म्हटलं, "नाही येत."

"मग तुम्ही कसले चष्मेवाले?"

खुर्चीतला माणूस फिस्सकन हसला! माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून!

आता हे असं बोलल्यावर पुरुष माणूस गप्प बसेल का? आणला मास्क. पाण्यात बुड्या मारणाऱ्यांचा असतो तो, नाकासकट, मागे रबरी पट्टा. दुकान बंद झालं की घासत बसायचो. हिच्या नंबरच्या काचा त्या मास्कच्या आकारात घासायच्या, मग आतून चिकटवायच्या, मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की संपलं, काढा, पुन्हा घासा. किती काचा फुकट गेल्या विचारू नका. आणि ही शेजारी बसून, "डावी जरा वाकडी वाटतेय हो." अगं, मी करतोय ना! "करताय, पण वाकडं करताय."

मग त्याची चाचणी. समुद्र कुठून आणायचा? कपडे भिजवायचा मोठा टब घेतला, न्हाणीघरात भरला. दुकानातला अक्षरांचा छोटा तक्ता, तो प्लास्टिकमध्ये बंद करून तळाशी ठेवला, वर बत्ता ठेवला, नाहीतर तरंगतो. ही गुडघ्यांवर बसली, मास्क घातला, दम धरला आणि डोकं पाण्यात! आता आत अक्षरं वाचली तर सांगणार कशी? म्हणून ठरलं, जितक्या ओळी दिसतील तितकी बोटं वर करायची. मी वरून हिचे केस धरलेले, केस पुढे येऊन काचेवर जात होते म्हणून, आणि ओरडतोय, "अजून खाली! अजून खाली बघ! शेवटची ओळ!" आणि नेमक्या त्याच वेळेला समोरच्या वहिनी कात्री मागायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी काय पाहिलं असेल, तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. नवरा बायकोचे केस धरून तिचं डोकं टबात दाबतोय आणि बाई बिचारी हात वर करून मदत मागतेय!

"अहो सोडा! सोडा त्यांना! मी पोलिसांना बोलावीन!"

त्या किंचाळल्या, मी दचकून हात सोडला, ही फुर्रकन वर आली, तोंडाला तो बेडकासारखा मास्क... वहिनी आणखीच किंचाळल्या! आणि ही, पाणी निथळतंय, धाप लागलीय, माझ्याकडे वळून म्हणते, "शेवटच्या दोन सोडून सगळ्या दिसल्या हो!" मग वहिनींकडे बघून, "अय्या, तुम्ही? कात्री हवीय का?"

आम्ही त्या दिवशी इतके हसलो... जाऊ द्या.

त्याच आठवड्यात पॅकेज ठरवलं. दोघांचं.

आणि मग ते पोटात दुखायला लागलं हिच्या. ते मी सांगत नाही. सगळ्यांच्या घरात ते तसंच होतं, दवाखान्याचे तेच जिने, त्याच काचेच्या खिडक्या, तेच "उद्या बघू." शेवटी शेवटी बोलायला त्रास व्हायचा. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस काहीतरी मोठं बोलून जातं. लेक मला नंतर विचारत होती, "बाबा, आई काय म्हणाली हो शेवटचं?" काय सांगू? मला म्हणाली, "अहो, मास्कच्या रबराला पावडर लावून ठेवा. चिकटतं ते." आणि झोपली. बस. एवढंच. तेव्हापासून दर रविवारी मी त्याला पावडर लावतो. चिकटलेलं नाही अजून. रबर अगदी नव्यासारखं आहे, म्हटलं तर दाखवतो.

आता सल्ले ऐका. मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, तो एकदा ऑफिसातर्फे थायलंडला जाऊन आलाय, म्हणजे त्या देशाची किल्ली त्याच्याच खिशात! परवा सगळे घरी जमले होते तर सुरू झाला, "भावोजी, होडीत मधोमध बसा. भावोजी, माकडांसमोर पिशवी उघडू नका. आणि भावोजी, नारळाच्या झाडाखाली अजिबात बसू नका, नारळ डोक्यात पडून माणसं मर..." आणि तिथेच थांबला. लेकीने कप उचलला, तो रिकामाच होता, तरी तोंडाला लावला. मेहुणा माझ्याकडे बघतोय, मी मेहुण्याकडे. शेवटी मीच म्हटलं, अरे, पूर्ण कर वाक्य, माझी हरकत नाही. तर म्हणतो, "मर्... मर्यादेत बसावं, भावोजी." त्या शब्दाभोवती सगळे असे चालतात की जणू फरशी ओली आहे. एकटी माझी थोरली बहीण सरळ बोलते. "इतक्यात?" म्हणाली. मी म्हटलं, अक्का, कितक्यात चालेल? तर पदराला डोळे पुसत म्हणाली, "तसं नव्हे रे. तिकडे तुला चहा कोण देईल?" घ्या! मजा करायला चाललोय ना मी!

आणि लेक. लेक हुशार आहे, आईवर गेलीय, सरळ मर्मावर बोट. काल दुकानात आली, मास्क हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "बाबा, यात आईच्या काचा आहेत. तुम्हाला काय दिसणार? तुमच्या नंबरच्या बसवा ना."

बरोबर आहे तिचं. माझा नंबर अगदी किरकोळ. जरा गरम हवा मारली की गोंद सुटतो, जुन्या काचा निघतात, नव्या बसवायच्या. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. हो म्हटलं. ती गेल्यावर बसलो. दिवा लावला, चिमटा घेतला, गरम हवेचं मशीन हातात घेतलं... आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याला फ्रेम दाखवली, छान म्हटलं. परत बसलो. मग लक्षात आलं, चिमट्याचं टोक पुसायला हवं. पुसलं. मग दिव्याची काच पुसली. मग सगळ्या शोकेसच्या काचा पुसल्या. दुकान असं लखलखीत झालं होतं म्हणून सांगू! पण त्या दोन काचा काही निघाल्या नाहीत. म्हणजे मी काढल्याच नाहीत.

म्हटलं, मरो, तिकडे साधा मास्क मिळतो म्हणे, पॅकेजमध्येच आहे, त्यातून मला बऱ्यापैकी दिसेल. आणि मग विचार आला... मला दिसून काय करायचंय? मासे मला बघायचेच नव्हते! जिला बघायचे होते तिच्यासाठी काचा घासल्या. आता मी जाऊन नीट, स्वच्छ, निळे-पिवळे सगळे मासे बघायचे, आणि सांगायचं कोणाला?

मग आज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो आणि तो टब काढला. हसू नका. भरला. तक्ता ठेवला, त्यावर बत्ता ठेवला. दार आतून लावून घेतलं, वहिनींचा नेम नाही. मास्क घातला, पट्टा हिच्या मापाचा, कानांमागे करकचून बसला, आणि घातलं डोकं पाण्यात.

काही दिसत नाही हो! आयुष्यभर मी लोकांना विचारलं, वाचा, खालची ओळ वाचा, आणि ते बिचारे म्हणायचे नाही दिसत, आणि मी आतल्या आत वैतागायचो. मला वरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा धड दिसेना! नुसतं काहीतरी काळं, लहान, लांब गेलेलं, हलतंय. मी बोट वर केलं. एक. सवयीने केलं. वर बघायला कोणी नव्हतं.

थोडा वेळ तसाच राहिलो, दम होता तेवढा. तर मास्कमध्ये पाणी! म्हटलं, गळतोय. वर आलो, काढला, टॉवेलने पुसला, कडेकडेने बोट फिरवून तपासला, उजेडात धरून बघितला, फुंकून बघितला. माझं काम आहे ते, मला कळतं. कुठेही फट नाही. रबर घट्ट, काच घट्ट, गोंद घट्ट. बाहेरून एक थेंब आत येणं शक्य नाही... मास्क उत्तम आहे. मास्कमध्ये काहीही दोष नाही.

पुसून पावडर लावली. आज रविवार नाही, तरी लावली. दुकानात आलो. संध्याकाळी फोन वाजला. तोच मध, पण मुलगी नवीन! "सर, शेवटचं विचारतेय, कन्फर्म करू ना? दोन व्यक्ती?" मी म्हटलं, करा. मॅडमचं जेवण शाकाहारी ठेवा. समुद्राकडची खोली द्या. "वा सर! आणि पाण्यात उतरायला मास्क लागतील का? दोन ठेवू?" नको, म्हटलं, एक आहे आमच्याकडे, तेवढा पुरे.

"एकच, सर? मग दोघांना मासे कसे दिसणार?"

आता तिला काय सांगू? एकीला येता यायचं नाही, दुसऱ्याला दिसायचं नाही... असू दे. ते हंसही ठेवा म्हटलं, दोन्ही. मजा करायला चाललोय ना आम्ही!