कमलाने खाल्लेला कागद

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, पण मी एकदा चांगला हाताएवढा कागद चावला आहे.

आमच्या शेजारी सदाभाऊ राहतात. वहिनी गेल्या, पोरगी लग्न होऊन रायपूरला, घरात एकटेच. त्या दिवशी त्यांच्या बाजेवर गोल गोल पापड वाळत होते. आभाळ भरून आलं अन् भाऊ कुठे दिसेनात, म्हणून मीच धावत जाऊन पापड गोळा केले. कच्चा पापड तोंडात टाकायची मला जुनी खोड. एकाचा तुकडा तोडला. शी! कसाबसा गिळला. नुसतं तणीस, भाताचा पेंढा!

तेवढ्यात भाऊ मागच्या दाराने आले. "अवं कमला, कागद हाय तो! धानाचं तणीस अन् पळसाच्या मुळ्या कुटून चाळणीवर बनवला. दमट झाला म्हणून उन्हात टाकला."

"कायले बनवता?"

"चित्र काढाले."

मी हातातला कागद उलटवला. गेरूने काढलेलं बाईचं तोंड, त्यातला एक कान माझ्या पोटात. बाकीचे पाहिले. सगळ्यांवर तीच बाई, कुंपणावरून डोकावणारी. मीच!

"काऊन हो भाऊ? वहिनीचं काढाचं ना."

"समोर दिसल्याबिगर मले काढता येत नाही. अन् दिवसभरात दुसरं कोण दिसते?"

मी चावलेला कागद त्यांच्यापुढे धरला.

"आलीच हायेस तर उभी राय थोडी. कान पुन्हा काढतो."

घरी चुलीवर भात होता. करपल्याचा वास कुंपणापल्याड आला, तरी मी जागची हलले नाही.